शब्द कोठे तोडावा?

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी माळ्यावरचे सामान खाली उतरते. वर्षभर कोणाला न आठवलेल्या वस्तू त्या दोन दिवसांत ओसरीवर येऊन बसतात, झटकून घेतात आणि बहुधा पुन्हा माळ्यावरच जातात. गेल्या वर्षी त्या पसाऱ्यात एक वही निघाली. दोनशे पानी, रेघांची, वर्तमानपत्राचे कव्हर घातलेली. निबंधाची वही होती. पण माझी नव्हे, माझ्या मुलांपैकी कोणाचीही नव्हे. चौदा वर्षांपूर्वी तपासायला म्हणून घेतलेली आणि परत द्यायची राहून गेलेली ती एका विद्यार्थ्याची वही होती.

मी स्वतः मॅट्रिक. त्यापुढे कॉलेजची पायरी चढण्याचा योग आला नाही. दिवसा कादंबऱ्या लिहितो आणि संध्याकाळी रात्रशाळेत मराठी व इंग्रजी शिकवतो. रात्रशाळेतली मुले म्हणजे दिवसभर कोठे ना कोठे राबून आलेली मुले. हा मुलगा भुसाराच्या दुकानात पोती उचलायचा. वर्गात येऊन बसला की त्याच्या केसांत डाळीचा कोंडा दिसे. पण वाचनाची हाव अशी, की शाळेला कोणी दान दिलेल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांच्या कपाटाला त्याच्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे.

वही उघडली. तेराव्या पानावर एका ओळीच्या शेवटी माझ्या लाल शाईचे एक मोठे वर्तुळ होते. 'नॉलेज' हा शब्द ओळीत मावला नव्हता, म्हणून मुलाने तो तोडला होता. के, एन्, ओ, डब्ल्यू ही अक्षरे वरच्या ओळीत, मग आडवी रेघ, आणि एल्पासूनची उरलेली अक्षरे खालच्या ओळीत. माझ्या टेबलावरच्या अमेरिकन कोशात एल् हे अक्षर पहिल्या तुकड्यात होते. मी 'चूक' असे लिहून अर्धा गुण कापला होता. एवढ्यावर थांबलो असतो तरी चालले असते. पण वर्गात वह्या वाटताना मी म्हणालो होतो, "अरे, शब्दाची मान मोडायचीच तर निदान सांध्यावर तरी मोड!" वर्ग हसला. मुलगा उभा राहून म्हणाला, "सर, पुस्तकात असंच छापलंय." मी म्हणालो, "पुस्तकावर ढकलून चूक झाकू नकोस." त्या गडबडीत त्याची वही पुन्हा माझ्याकडेच आली, तो पुढचे निबंध त्याच वहीत लिहीत राहिला, आणि वर्ष संपताना ती माझ्या गठ्ठ्यात राहून गेली.

हे सारे मी विसरलो होतो. वही विसरली नव्हती. तेराव्या पानानंतर एकाही ओळीच्या शेवटी आडवी रेघ नाही. शब्द मावत नसेल तर तेथे बोटभर जागा कोरी सोडलेली आहे. पुढे पुढे तर ती कोरी जागाही दिसेनाशी होते, कारण लांब शब्दच येईनासे होतात. 'युनिव्हर्सिटी'च्या जागी 'मोठी शाळा' अशा अर्थाचे दोन चिमुकले इंग्रजी शब्द येतात. 'ऑपॉर्च्युनिटी'च्या जागी 'चान्स' येतो. आणि या पानांवर मी काय लिहिले आहे? 'भाषा सोपी व सुटसुटीत. छान!'

दुसऱ्या दिवशी मी रात्रशाळेचे ते कपाट उघडले. पुस्तक जागच्या जागी होते. ऑक्सफर्डला छापलेले, पाने पिवळी पडलेली. तासाभराने ते पान सापडले. ओळीच्या शेवटी के, एन्, ओ, डब्ल्यू, मग आडवी रेघ. एल् खालच्या ओळीत. मुलगा खरे बोलत होता.

तेव्हापासून वर्षभर मला हा नाद लागला आहे: इंग्रजी शब्द नेमका कोठे तुटतो, आणि ते ठरवले कोणी?

पहिल्यांदा सापडली ती चक्क आपली बाराखडी. दोन-तीनशे वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या मुलाच्या हाती जी लाकडी पाटी देत, तिच्यावर कागद चिकटवून वरून शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा बसवलेला असे. त्या कागदावर अक्षरमालेखाली व्यंजनांना एकेक स्वर जोडून तुकड्यांच्या ओळी छापलेल्या असत. मुले त्या सुरात घोकत. म्हणजे इंग्रजांचा बाळ्याही 'क का कि की' म्हणतच मोठा होत असे. एका अवयवाच्या शब्दांवरून दोन अवयवांच्या, मग तीन, मग चार, अशी त्याची शिडी असे. लांब शब्द हा तुकड्यातुकड्यांनीच चढायचा, हे तेव्हापासून ठरलेले.

लंडनच्या वॉपिंग भागातला एक मास्तर, टॉमस डिलवर्थ, याने 1740 मध्ये या शिडीचे एक पुस्तक छापले. ते इतके चालले की 1747 मध्ये बेंजामिन फ्रँकलिनने अमेरिकेत त्याची आवृत्ती काढली. डिलवर्थचा नियम सरळ होता. दोन स्वरांच्या मधले व्यंजन पुढच्या स्वराला द्यायचे. दोन व्यंजने शब्दाच्या आरंभी जोडीने येऊ शकत असतील तर ती जोडीच्या जोडी पुढे ढकलायची. लॅटिन शिकलेल्या पंडितांची ही जुनी रीत. पण इंग्रजी मुलाच्या तोंडात तिने मोठा घोटाळा केला. इंग्रजीत तुकडा स्वरावर संपला की मूल तो स्वर लांबवते. त्यामुळे 'क्लस्टर' तोडल्यावर 'क्लू-स्टर' झाले, 'हॅबिट'चे 'हे-बिट' झाले, 'नॉस्ट्रिल'चे 'नो-स्ट्रिल', आणि 'बिशप' महाराजांचे 'बाय-शप'! शिवाय 'नेशन'सारख्या शब्दांतली शेवटची अक्षरे डिलवर्थ दोन अवयव म्हणून मोजायचा. शेक्सपियरच्या काळी कवितेत ती तशी उच्चारलीही जात. पण डिलवर्थच्या काळापर्यंत लोकांची जीभ केव्हाच पुढे निघून गेली होती. पुस्तक मागे राहिले होते, एवढेच.

हे ज्याला खटकले तो मनुष्यही शाळामास्तरच होता. नोआ वेब्स्टर. जन्म 1758. अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध संपत आले होते, आणि न्यूयॉर्क प्रांतातल्या गोशेन गावी हा तरुण मुलांना शिकवीत होता. मुले 'बाय-शप' म्हणत असतील तर दोष मुलांचा नाही, तोडणाऱ्याचा आहे, असे त्याने ठरवले. 1783 मध्ये हार्टफर्ड गावी त्याचे पुस्तक निघाले. पहिल्या आवृत्तीच्या 5,000 प्रती होत्या. त्यात हेच शब्द 'क्लस्-टर', 'हॅब्-इट', 'नॉस्-ट्रिल', 'बिश्-अप' असे तोडले होते. कान जेथे तोडतो तेथे शाईने तोडायचे. ऱ्हस्व स्वराला त्याचे व्यंजन टेकू म्हणून मागेच ठेवायचे. 'नेशन'चे शेपूट एका अवयवात बसवले. हे करणाऱ्याचे वय होते अवघे पंचवीस! लगेच ओरड झाली. 1784 च्या सुमारास वर्तमानपत्रांत त्याच्यावर टीकेची पत्रे येऊ लागली, आणि ती लिहिणाऱ्याने सही केली होती 'डिलवर्थचे भूत'. डिलवर्थ त्यापूर्वीच वारला होता. तेव्हा तांत्रिकदृष्ट्या सहीत खोटे काही नव्हते.

वेब्स्टरने भुताला उत्तरे दिली आणि पुस्तक विकायला तो गावोगाव हिंडला. लेखकाच्या हक्काचा कायदा व्हावा म्हणून एकेका संस्थानाच्या कायदेमंडळाचे उंबरठे झिजवले. निळ्या पुठ्ठ्याचे हे पुस्तक पुढच्या शंभर वर्षांत कोट्यवधी मुलांच्या हातून गेले. 1828 मध्ये त्याने सत्तर हजार शब्दांचा कोश काढला. माझ्या टेबलावरचा कोश त्याच घराण्यातला. मुलाचा अर्धा गुण मी कापला तो या गृहस्थाच्या जोरावर.

येथे आपल्या लिपीकडे वळावेसे वाटते. 'पुस्तक' हा शब्द आपण कसा लिहितो? पु, स्त, क. दोन्ही व्यंजने पुढच्या स्वराच्या पदरात. ही तर हुबेहूब डिलवर्थची रीत! पण म्हणताना काय म्हणतो? पुस्-तक. स् चा भार मागच्या पु वर पडतो, आणि म्हणूनच वृत्त मोजताना जोडाक्षरापूर्वीचा ऱ्हस्व पु गुरू धरावा असे शाळेत शिकवतात. आम्ही तो नियम पाठ केला होता. तो का, हे कोणी सांगितले नव्हते. म्हणजे लिहिणारा मराठी हात डिलवर्थचा आणि वृत्त मोजणारा मराठी कान वेब्स्टरचा. दोघेही एकाच घरात नांदतात आणि भांडत नाहीत, कारण आपल्याकडे अक्षर लिहिले की उच्चार ठरलेला. तुकडा कोठेही पाडा, 'पु'चा 'पो' होत नाही. जुन्या पोथ्यांत तर ओळ संपली की शब्द कोणत्याही अक्षरापाशी सोडून लेखक खुशाल पुढच्या ओळीत जाई. आडवी रेघ आपण इंग्रजीकडून घेतली. तिला नाव मात्र 'संयोगचिन्ह' दिले. तोडणाऱ्या रेघेला जोडणारी म्हटले. मला हे विनोदी वाटे. मग कळले की 'हायफन' या ग्रीक शब्दाचा अर्थही 'एकाखाली' म्हणजे 'एकत्र' असाच आहे.

आता ऑक्सफर्डच्या त्या पुस्तकाकडे. इंग्लंडात वेब्स्टरचा कान सर्वांना मानवला नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या छापखान्याचा मुख्य होरेस हार्ट याने 1893 मध्ये आपल्या जुळाऱ्यांसाठी नियमांची एक छोटी पुस्तिका छापली; 1904 पासून ती बाहेरच्यांनाही विकत मिळू लागली. शब्दाचे मूळ उघड दिसत असेल तर तेथेच तोडावे, असा त्या छापखान्याचा कल. म्हणून चरित्राला जो इंग्रजी शब्द आहे तो तेथे 'बायो' आणि 'ग्राफी' असा तुटे. बायो म्हणजे जीवन, ग्राफी म्हणजे लेखन. अमेरिकेत तोच शब्द 'बाय-ऑग्-र-फी' असा चार तुकड्यांत फुटतो. उच्चार बरोबर, पण जीवनही गेले आणि लेखनही. 'नॉलेज'चे तसेच. 'नो' म्हणजे जाणणे. ऑक्सफर्डच्या जुळाऱ्याने जाणणे अख्खे ठेवले. अमेरिकनाने उच्चार राखला. अमेरिकेतली तोड सर्वस्वी कानाची आणि इंग्लंडातली सर्वस्वी मुळाची, असे मात्र समजू नये. दोन्हीकडे तडजोडी आहेत, आणि पुढे इंग्लंडातले कोशही कानाकडे बरेच झुकले. पण सुरी दोन प्रकारची असते, हे मला पन्नाशीच्या उंबरठ्यावर समजले. एक ध्वनी कापते, दुसरी अर्थ.

अर्थाची सुरी आपल्याला नवी नाही. ऋग्वेदाचा पदपाठ करणाऱ्या शाकल्याने पहिल्याच ऋचेतल्या 'पुरोहित' शब्दात खूण घालून 'पुरः' आणि 'हित' वेगळे दाखवले आहेत. समासाचा विग्रह तर आपल्या शाळकरी मुलांनाही येतो. तरीही इंग्रजीच्या तासाला ही सुरी आम्ही बाहेर दप्तरात ठेवून येतो, याचे मला नवल वाटते.

वही सापडल्यानंतर एके रात्री मी फळ्यावर 'ट्रिगोनॉमेट्री' लिहिले. आधी कोशाप्रमाणे तोडले: ट्रिग्-ओ-नॉम्-ए-ट्री. पाच तुकडे, एकाचाही अर्थ लागेना. मुले 'ट्री' म्हणजे झाड म्हणाली. त्यांचे काय चुकले? मग पुसून पुन्हा तोडले: ट्रि, गोनो, मेट्री. म्हटले, पहिला तुकडा ओळखीचा वाटतो का? मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "त्रि, सर?" आणि पुढचे मी सांगण्याआधी दोघे-तिघे एकदम ओरडले, "त्रि-कोण-मिती!" बाराव्ये शतक असो वा सोळावे, मास्तराला याहून मोठे बक्षीस मिळाले नसेल. हा शब्द पिटिस्कस नावाच्या जर्मन पंडिताने 1595 मध्ये आपल्या लॅटिन ग्रंथाला नाव म्हणून ग्रीक तुकड्यांतून घडवला. मराठीत त्याचे तुकड्यास तुकडा असे रूप आहे. आणि इंग्रजी 'ट्रि' व आपला 'त्रि' तर एकाच आजीची नातवंडे. त्या रात्री टेलिफोनचा दूरध्वनी झाला, टेलिव्हिजनचे दूरदर्शन झाले, थर्मामीटरचा तापमापक झाला. आपल्या भाषांतरकारांनी हे लांब शब्द आपल्यासाठी केव्हाच तोडून ठेवले होते.

लोक मात्र या दोन्ही सुऱ्यांना जुमानत नाहीत. त्यांची स्वतःची कोयती असते. 'हेलिकॉप्टर' घ्या. 1861 मध्ये पाँतों दामेकूर या फ्रेंच गृहस्थाने हा शब्द केला. त्याचे खरे तुकडे 'हेलिको' म्हणजे मळसूत्री आणि 'प्टर' म्हणजे पंख. संस्कृतात 'पत्र' म्हणजे पंखही होतो. हे त्याचेच ग्रीक भावंड. पण 'प्टर' कोणाच्या तोंडी बसणार? लोकांनी 'हेलि' आणि 'कॉप्टर' केले आणि त्या चुकीच्या तुकड्यावर हेलिपॅड उतरवले.

त्याहून गमतीची गोष्ट आपल्या रोजच्या बसची. 1826 मध्ये फ्रान्समधल्या नांत शहरी बोद्री नावाच्या माणसाने सर्वांसाठी भाड्याची गाडी काढली. 1829 मध्ये शिलिबियरने तशीच गाडी लंडनला आणली. तिचे नाव 'ऑम्निबस'. लॅटिनमध्ये याचा अर्थ 'सर्वांसाठी'. 'ऑम्नि' म्हणजे सर्व, आणि शेवटचे 'बस' हा नुसता चतुर्थीच्या अनेकवचनाचा प्रत्यय! लोकांनी सर्व टाकले आणि प्रत्यय घेतला. 15 जुलै 1926 रोजी मुंबईत अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली मोटारबस धावली तीही या प्रत्ययावरच. आणि ज्यांनी शाळेत 'रामाय रामाभ्याम् रामेभ्यः' घोकले आहे त्यांना सांगतो, आपला 'भ्यः' आणि लॅटिनचा 'बस' हे एकाच कुळातले प्रत्यय आहेत. तेव्हा उद्या भाऊबिजेला एस.टी.त जागा मिळाली नाही, तर एवढ्याशा प्रत्ययावर किती माणसे उभी आहेत याचा विचार करावा. उभे राहणे थोडे हलके होते.

आज ओळीच्या शेवटी शब्द तोडण्याचे काम यंत्राकडे गेले आहे. 1983 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात फ्रँक लियांग या विद्यार्थ्याने याच विषयावर प्रबंध लिहिला, आणि त्याचे शीर्षकही आडव्या रेघांनी तोडूनच छापले. त्याने संगणकाला अख्खा कोश दिला नाही; अक्षरांच्या 4,447 साखळ्या दिल्या. कोणत्या अक्षरांच्या शेजारी तोडावे, कोणत्यांच्या शेजारी तोडू नये, एवढेच त्या सांगतात. तेवढ्यावर कोशातल्या तोडण्याच्या जागांपैकी 89 टक्के जागा सापडतात. उरलेल्यांपैकी चौदा शब्द मात्र हाताने लिहून द्यावे लागले. त्या यादीत 'टेबल' आहे! आणि 'प्रेझेंट' आहे. कारण 'हजर' या अर्थी तो एका जागी तुटतो आणि 'सादर करणे' या अर्थी दुसऱ्या जागी. अर्थ कळल्याशिवाय सुरी कोठे लावायची हे ठरत नाही, आणि यंत्राला अर्थ कळत नाही. म्हणून यादीत लिहून टाकले आहे की हा शब्द तोडूच नये. कापू नये तेथे हात आवरावा, एवढी अक्कल त्या यंत्राला दिली गेली होती. चौदा वर्षांपूर्वी ती माझ्याजवळ नव्हती.

माझे मत विचाराल तर लहान मुलाला वाचायला शिकवताना वेब्स्टर खरा. त्याला 'बाय-शप' म्हणायला लावणे हे पाप आहे. पण दिवसभर पोती उचलून जो रात्री शिकायला येतो, ज्याला उच्चारापेक्षा आधी अर्थ हवा आहे, त्याच्या हाती दुसरी सुरी द्यावी. तो मुलगा तीच घेऊन आला होता. कोणी न शिकवता, एका पिवळ्या पडलेल्या पुस्तकातून.

त्याचा पत्ता मिळवायला फार त्रास पडला नाही. भुसाराचे ते दुकान अजून आहे. तो आता चाकणला एका कारखान्यात असतो, दिवाळीला गावी येतो. फोनवर मी नाव सांगितले तर क्षणभर शांतता झाली. मग तो म्हणाला, "प्रेझेंट, सर." आणि हसला. मी वहीचे बोललो. त्याला ती आठवत होती. तेरावे पान आठवत होते की नाही, ते त्याने सांगितले नाही आणि मीही विचारले नाही.

पाडव्याला संध्याकाळी येतो म्हणाला आहे. वही टेबलावर काढून ठेवली आहे. लाल वर्तुळ पुसता येत नाही. शेजारी निळ्या शाईने 'बरोबर' लिहिले आहे, खाली तारीख घालून सही केली आहे, आणि साडेसहाचे सात केले आहेत.